पास म्हणजे तेरा पॉइंट

ब्रिजच्या टेबलावर बोलीसाठी माणसाला एकूण 38 शब्द मिळतात. ‘वन क्लब’पासून ‘सेव्हन नो-ट्रंप’पर्यंतच्या 35 बोली, आणि पास, डबल, रिडबल. हातातल्या तेरा पत्त्यांचं सगळं वर्णन पार्टनरला एवढ्यातच सांगायचं, आणि तेही चढत्या क्रमानं. एकदा ‘टू हार्ट’ म्हटलं की त्या डावापुरतं ‘वन स्पेड’ गेलं. या 38 शब्दांना अर्थ कोणता द्यायचा, हे मात्र तुम्ही आणि तुमच्या पार्टनरनं ठरवायचं. अट एकच: ठरलेला अर्थ समोरच्यांपासून लपवायचा नाही. सुरतेत ऐंशी-नव्वदच्या दशकांत आम्ही जे ब्रिज खेळलो त्याचा सगळा जीव या मोकळीकीत होता. आज खेळ पुष्कळ सुधारलाय, हे मी मनापासून मानतो. तरी ती मोकळीक मात्र आक्रसत चालली आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

खानदेशातून ताप्ती व्हॅलीच्या गाडीनं सुरतेला येणाऱ्यांत बहुतेक जण मागांवर आणि गिरण्यांत कामाला यायचे. आम्ही थोडे जण शिकायला आलो. रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजात, म्हणजे आजच्या एसव्हीएनआयटीत, तेव्हा निम्म्या जागा बाहेरच्या राज्यांतल्या मुलांसाठी असत. त्यामुळे इच्छानाथच्या त्या होस्टेलात एकेका मजल्यावर तमिळ, बंगाली, तेलुगू आणि मराठी मुलं एकत्र नांदायची. घरून मी मेंढीकोट आणि लाडीस शिकून आलो होतो. ब्रिज शिकवलं एका बंगाली सीनियरनं, जेवणानंतर, मेसच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून. आधी पॉइंट मोजायला शिकवले: एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक. मग म्हणाला, आता पत्ते विसर, बोली ऐक. चौघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण ‘थ्री नो-ट्रंप’ सगळ्यांना कळायचं.

नोकरी सुरतेतच लागली आणि अठवा लाइन्सकडच्या एका क्लबात आठवड्यातून एकदा डुप्लिकेट खेळायला जाऊ लागलो. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरगुती ब्रिजमध्ये चांगले पत्ते आले की जिंकता येतं. डुप्लिकेटमध्ये तेच पत्ते, त्याच वाटणीनं, प्रत्येक टेबलावर फिरतात. तुमच्या जागी बसलेल्या प्रत्येक जोडीला तोच हात मिळतो आणि तुलना त्यांच्याशी होते. तुम्ही ‘फोर हार्ट’ करून 420 मिळवले आणि शेजारच्या टेबलावर कुणी ‘थ्री नो-ट्रंप’मध्ये एक हात जास्त काढून 430 मिळवले, तर त्या दहा पॉइंटांसाठी तुम्ही मागे पडता. नशिबाला जबाबदार धरायची सोयच राहत नाही.

पत्ते फिरवायला लागतात ते चार खिशांचे बोर्ड. परदेशी बोर्ड महाग, आणि आणणार कोण? आमचे बोर्ड रिंग रोडच्या कापड मार्केटमधल्या साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे होते. एक सभासद कापडाचा व्यापारी; त्यानं पुठ्ठा कापून, वर जाड पॉपलिन चिकटवून, प्रत्येक बोर्डाला चार खिसे शिवून घेतले होते. उत्तरेचा बाण शाईनं काढलेला. व्हल्नरेबल, म्हणजे त्या डावात बोनस आणि दंड दोन्ही जास्त असलेल्या, बाजूच्या खिशाला लाल पट्टी, तीही साडीच्या काठाची. बोर्डात घडी घालून एक कागद ठेवलेला असे, ट्रॅव्हलर. डाव संपला की उत्तरेकडच्यानं त्यावर आपला स्कोअर लिहायचा, पुन्हा घडी घालायची, आणि पुढच्या टेबलावर तो उघडायचा तो डाव खेळून झाल्यावरच. आधी उघडणाऱ्याला आमच्यात माफी नव्हती.

सगळे डाव संपले की बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ ट्रॅव्हलर गोळा करून बसत. हरवलेल्या प्रत्येक जोडीमागे दोन, बरोबरीला एक, असा हिशेब पेन्सिलीनं चालायचा. निकालाला रात्रीचे अकरा वाजत. तोवर खाली लारीवर लोचो आणि चहा घेत आम्ही सातव्या बोर्डावरून भांडायचो. पत्ते कुणाला सगळे आठवतात, कुणाला नाही. त्यामुळे भांडण संपायचं नाही. आता यंत्र पत्ते वाटतं, प्रत्येक टेबलावर ब्रिजमेटचा छोटा डबा असतो, आणि शेवटचा हात पडून पाच मिनिटं होत नाहीत तोच निकाल मोबाइलवर येतो. सोबत बावन्न पत्त्यांची पूर्ण मांडणी आणि कोणत्या बाजूला किती हात निघू शकत होते याचा तक्ता. वादच मिटतो. खरं सांगायचं तर शिकण्यासाठी हे फार चांगलं आहे. आम्हाला जे समजायला दहा वर्षं लागली ते आजची मुलं दोन वर्षांत शिकतात.

बोली तेव्हा तोंडानं व्हायची, आणि पासला बहुतेक जण इंग्रजी चालीनं ‘नो बिड’ म्हणत. या ‘नो बिड’चे किती प्रकार मी ऐकलेत! झटकन आलेलं म्हणजे हातात काही नाही. रेंगाळत आलेलं म्हणजे काहीतरी आहे, पण बोलायला पुरेसं नाही. हे नियमाविरुद्ध होतं आणि सगळ्यांना ते कळत होतं; प्रामाणिक खेळाडूला स्वतःचा आवाज सांभाळण्यात निम्मी शक्ती घालवावी लागे. स्वीडनमध्ये निघालेल्या बिडिंग बॉक्स आमच्याकडे आल्या आणि हा त्रास संपला. कार्ड काढून टेबलावर ठेवायचं, आवाजच नाही. मोठ्या स्पर्धांत तर टेबलाच्या मधोमध तिरका पडदा असतो, पार्टनरचा चेहरासुद्धा दिसत नाही. जुनं सगळं चांगलं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. या बाबतीत आजचा खेळ स्वच्छ आहे.

एक गोष्ट मात्र तेव्हाही होती आणि आजही आहे. गुजरातेत पत्ते म्हटले की जुगार. श्रावणात सातम-आठमला तीनपत्ती रंगते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पकडलेल्यांचे आकडे येतात. त्यामुळे आमच्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, पैसा टेबलावर दिसता कामा नये, असे लिखित नियम होते. एका वकील सभासदानं 1967 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण, फोटोस्टॅट करून कपाटात ठेवला होता. तो खटला रमीचा. न्यायालयानं रमीला प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ ठरवताना दाखला दिला तो ब्रिजचा: पत्ते वाटण्यात नशिबाचा जसा भाग ब्रिजमध्ये असतो, तसाच रमीत आहे. म्हणजे ब्रिजचं कौशल्य न्यायालयानं गृहीतच धरलं होतं. तो कागद दाखवायची वेळ कधी आली नाही, पण नवा सभासद आला की वकीलसाहेब त्याला तो वाचायला लावत.

आता बोलीपद्धतींकडे येतो. माझं मन खरं तिथंच आहे.

आमच्या पिढीनं सुरुवात केली ती ॲकॉल किंवा गोरेनवर. मग प्रिसिजनची लाट आली. सी. सी. वेई या चिनी वंशाच्या जहाज व्यावसायिकानं रचलेली ही पद्धत: सोळा किंवा जास्त पॉइंट असले की ‘वन क्लब’, मग किलवर हातात असो वा नसो. 1969 साली रिओ दि जानेरोच्या बर्म्युडा बोलमध्ये तैवानचा संघ ही पद्धत खेळत थेट अंतिम फेरीत इटलीसमोर पोचला आणि जगभर लोक प्रिसिजन शिकू लागले. आमच्या क्लबातही निम्म्या जोड्या प्रिसिजनवर होत्या. पण पुस्तक एकच आणि तेही फाटकं. जी पानं नव्हती ती प्रत्येक जोडीनं आपापल्या डोक्यानं भरून काढली. त्यामुळे सुरती प्रिसिजनच्या पाच-सहा जाती तयार झाल्या आणि एका जोडीच्या ‘टू डायमंड’चा दुसऱ्या जोडीच्या ‘टू डायमंड’शी काही संबंध नव्हता. पुस्तकं मिळत नसल्यामुळेच आम्ही विचार करायला लागलो, असं माझं ठाम मत आहे.

माझा पार्टनर कतारगामच्या हिऱ्याच्या कारखान्यात ॲसॉर्टर होता. दिवसभर भिंगातून हिरे निवडायचे आणि संध्याकाळी पत्ते. त्याच्या एका नातेवाइकानं परदेशातून सायक्लोस्टाइल केलेली काही पानं आणली होती. पोलंडमध्ये वुकाश स्वाविन्स्की आणि त्याच्या बरोबरच्यांनी मांडलेला विचार त्यांत होता. तर्क असा: डावात पहिली बोली तुमची असेल तर सर्वांत स्वस्त शब्द कोणता? पास. त्यानं जागा अजिबात खर्च होत नाही. मग सर्वांत जास्त जागा ज्याला लागते, म्हणजे बलवान हात, त्यालाच हा शब्द द्यावा. पास म्हणजे तेरा किंवा जास्त पॉइंट! आणि काहीच नसेल तर पास म्हणता येत नाही, म्हणून शून्य ते सात पॉइंटांसाठी एखादी बोली राखून ठेवायची. तिला तिकडे ‘फर्ट’ म्हणत. आमची फर्ट होती ‘वन हार्ट’. बदाम असोत किंवा नसोत.

ही पद्धत आम्ही बसवली ती बरीचशी फ्लाइंग राणीत. मुंबईच्या स्पर्धांना जाताना पहाटेची गाडी, 1979 सालापासून डबलडेकर झालेली. वरच्या मजल्यावर पासवाले सुटकेसवर रुमाल टाकून रमी मांडायचे. आम्ही एका कोपऱ्यात, हातात तेरा-तेरा पत्ते लिहिलेल्या चिठ्ठ्या घेऊन फक्त बोली करायचो. पत्ता एकही टाकायचा नाही. नवसारी, वलसाड, वापी मागे पडत, आणि पास-वन क्लब-वन स्पेड अशा साखळीचा अर्थ दोघांनी वेगवेगळा लावला की वही निघायची. ती वही पार्टनरनं नंतर कोर्टाजवळच्या टायपिस्टकडून कार्बन घालून टाइप करून घेतली. 2023 साली फ्लाइंग राणीचे ते डबलडेकर डबे काढले. नवे डबे आरामशीर आहेत.

नव्वदीच्या सुरुवातीची एक संध्याकाळ सांगतो. बोर्ड पहिला, म्हणजे डीलर उत्तर आणि कुणीच व्हल्नरेबल नाही. उत्तर मी. हातात इस्पिक दहा-सात-चार-दोन, बदाम नऊ-तीन, चौकट गुलाम-आठ-सहा-पाच, किलवर राजा-सात-तीन. चार पॉइंट. मी म्हटलं ‘वन हार्ट’. पार्टनरनं टेबलावर टकटक केलं आणि विचारल्यावर समजावलं: शून्य ते सात, कोणताही हात. पूर्वेला नानपुऱ्याच्या एक पारशी आंटी होत्या. साठीच्या पुढच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, भल्याभल्यांना घाबरवणाऱ्या. त्यांच्या हातात पंधरा पॉइंट आणि पाच बदाम. आता ‘हार्ट’ कसं म्हणणार? डबल केलं तर पार्टनर त्याचा अर्थ काय घेईल? त्यांनी पास केलं. माझा पार्टनर पास. पश्चिमेकडे अकरा पॉइंट, पण तेही गोंधळले, पास. ‘वन हार्ट’ खेळून आम्ही तीन हात कमी पडलो: दीडशे. बाकी टेबलांवर पूर्व-पश्चिमनं ‘फोर हार्ट’ करून 420 मिळवले होते. आम्हाला टॉप.

आंटींनी पत्ते टेबलावर पसरले. “हार्ट तो बधां मारी पासे छे, दीकरा!” मग डायरेक्टरला बोलावलं. पुढच्याच बोर्डावर पार्टनरनं सोळा पॉइंटांवर पास केलं तेव्हा तर त्या उभ्याच राहिल्या: “पास एटले पास!” डायरेक्टरनं आमची टाइप केलेली पानं वाचली आणि निर्णय दिला. पद्धत चालेल, अर्थ लपवलेला नाही. पण यापुढे समोरच्यांना खेळ सुरू होण्याआधी एक पान द्यायचं, आणि त्या पानावर आपल्याविरुद्ध कसं खेळावं हेही सुचवायचं. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो. जागतिक ब्रिज फेडरेशनचे नियम त्याच दिशेनं जातात: अशा पद्धती आगाऊ दाखल करायच्या, आणि काही कन्व्हेन्शनविरुद्धचा लिखित बचाव समोरच्यांना टेबलावर उघडून बघता येतो.

आंटी आमचं पान घरी घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या पर्समधून एक कार्ड निघालं, गुजरातीत, बारीक अक्षरात. ‘वन हार्ट’वर डबल म्हणजे तेरा किंवा जास्त, ‘वन स्पेड’ म्हणजे पाच बदाम, आणि डबलनंतर आम्ही पळालो तर पाठलाग कसा करायचा हेसुद्धा. त्या रात्री त्यांनी आम्हाला एका बोर्डावर डबलखाली चार हात कमी पाडलं, 800. मान वर करून हसल्या आणि मला म्हणाल्या, हवे मजा आवी. त्या कार्डातल्या दोन कल्पना आमच्याहून चांगल्या होत्या. वेगळी पद्धत टेबलावर आली की समोरच्यालाही नवा विचार करावा लागतो. हे मला त्या आठवड्यात जेवढं पटलं तेवढं कोणत्याही पुस्तकानं पटलं नसतं.

त्या 800 चीही गंमत आहे. 1987 च्या नियमांआधी हाच मार 700 चा होता. समोरच्यांनी व्हल्नरेबल असताना ‘सिक्स स्पेड’ केलं तर त्यांना 1430. तुम्ही नॉन-व्हल्नरेबल असाल तर जुन्या कोष्टकात डबलखाली सात हात हरूनही 1300 च जात. म्हणजे हरण्यातच फायदा! नव्या कोष्टकात तेच 1700 झाले. रिकाम्या हातानं उडी घेणाऱ्यांना लगाम बसला, आणि तो बसायला हवा होता.

पण नंतर लगाम फार आवळले गेले. फेडरेशननं पद्धतींना रंग दिले: हिरवी म्हणजे नैसर्गिक, निळी म्हणजे प्रिसिजनसारखी बलवान क्लबवाली, लाल म्हणजे कृत्रिम, आणि पिवळी म्हणजे आमच्यासारखी अतिविलक्षण. पासवर बलवान हात दाखवलात की तुम्ही पिवळे. पिवळ्यांना मोजक्या, लांब सामन्यांच्या स्पर्धांतच जागा. ऑस्ट्रेलियात पॉल मार्स्टन आणि स्टीफन बर्जेस यांच्यासारख्यांनी पासची वाट बंद होताना पाहून बलवान क्लबभोवती मॉस्किटो नावाची पद्धत उभी केली. आमच्यासारख्या छोट्या क्लबातल्या जोड्यांनी मात्र पद्धत गुंडाळून ठेवली. एका टेबलावर दोन बोर्ड, त्यात समोरच्यांना तयारीला वेळ कुठून मिळणार, हा युक्तिवाद मला कळतो. पण मग महिन्यातली एक संध्याकाळ तरी मोकळी ठेवा! आज कुठल्याही क्लबात जा, जवळजवळ प्रत्येक जण टू-ओव्हर-वन खेळतो. अनोळखी पार्टनरबरोबर दोन मिनिटांत बसता येतं, हे खरं. ब्रिज बेस ऑनलाइनवर रात्री दोन वाजताही टेबल मिळतं, रोबोही मिळतो. पण ज्या रोबोशी सगळे सराव करतात, सगळ्यांच्या बोलीही त्याच्यासारख्या होत जातात.

आमची टाइप केलेली मूळ प्रत 2006 च्या ऑगस्टमध्ये गेली. उकाईचं पाणी सोडलं आणि ताप्ती गावात शिरली, तेव्हा अडाजणला तळमजल्यावर कपाट होतं. कार्बन प्रत पार्टनरबरोबर अँटवर्पला गेली होती म्हणून वाचली. तो तिथं हिऱ्यांच्या कामासाठी स्थायिक झाला आहे. कोविडच्या काळात त्यानं ती पानं स्कॅन करून पाठवली आणि आम्ही पुन्हा पडद्यावर समोरासमोर बसू लागलो. कार्बनची निळी अक्षरं मोबाइलवर मोठी करून वाचताना टायपिस्टच्या चुकासुद्धा ओळखीच्या वाटल्या.

खेळाला आज मान आहे, याचा आनंद मोठा आहे. 2018 साली जकार्ताच्या एशियाडमध्ये ब्रिज पहिल्यांदा आलं आणि प्रणव बर्धन व शिबनाथ डे सरकार या जोडीनं सुवर्ण जिंकलं. बर्धन तेव्हा साठीचे होते. त्याच स्पर्धेत कांस्य मिळवणाऱ्या पुरुष संघात आणि नंतर हांगझोऊला रौप्य मिळवणाऱ्या संघात अजय खरे होते, हे मराठी माणूस म्हणून मुद्दाम सांगावंसं वाटतं. आणि आमच्या खानदेशातून सातपुडा ओलांडला की खरगोन जिल्ह्यात रायबिडपुरा नावाचं गाव आहे. साठच्या दशकात एका पशुवैद्यकानं तिथं ब्रिज शिकवलं. आज तिथले शेतकरी कापसाच्या कामातून मोकळे झाले की पारावर डाव मांडतात आणि राष्ट्रीय स्पर्धांना जातात. क्लबाचा कोट-टाय या खेळाला लागत नाही, याचा याहून मोठा पुरावा मला नको.

अलीकडे एसव्हीएनआयटीतला कॉम्प्युटरचा एक विद्यार्थी आमच्या टेबलावर येतो. जळगावकडचा आहे. स्कॅन केलेली पानं त्यानं मागून घेतली आणि आठवड्यानं लॅपटॉप घेऊन आला. हजारो डाव वाटून, प्रत्येक डावात दोन्ही बाजूंनी सर्वोत्तम खेळ झाला तर काय होईल, हे त्यानं काढलं होतं. “सर, ‘वन हार्ट’ची फर्ट सरासरीत तोट्यात जाते. ‘वन डायमंड’ केली तर तोटा कमी.” मी म्हटलं, तुझा प्रोग्राम चौघांचेही पत्ते बघून खेळतो. फर्टचा फायदा तर समोरच्याला पत्ते दिसत नाहीत यातच असतो. पहिल्या रात्री आंटींना बावन्न पत्ते दिसत असते तर त्यांनी पास केलं असतं का? तो थांबला, मग म्हणाला, “पण दुसऱ्या आठवड्यात दिसत नव्हते, तरी 800 बसले ना?”

यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही. सध्या तोडगा असा आहे: व्हल्नरेबल असताना ‘वन डायमंड’, नसताना ‘वन हार्ट’. सेक्रेटरींनी महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी पिवळ्या पद्धतीला परवानगी दिली आहे, पंधरा दिवस आधी पान लावायच्या अटीवर. समोरच्यांनी बचाव कसा करावा याचा भाग तो विद्यार्थी गुजरातीत आणि इंग्रजीत लिहितो आहे. ‘वन स्पेड’ म्हणजे पाच बदाम, ही आंटींची सूचना त्यात पहिल्या ओळीत आहे.